हाय-कॉम्प्रेशन इंजिनाला टर्बो बसवताना: आधी उष्णतेचा हिशोब, मग दाबाचा

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात माझ्या गाडीचे इंजिन खोलून पिस्टन बाहेर काढले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवरची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड, जिला रिंग लँड म्हणतात, अंगठ्याच्या नखाएवढी तुटून निघालेली दिसली. पिस्टनच्या माथ्याला भोक पडले नव्हते, कुठे काही वितळले नव्हते आणि उरलेले तीन पिस्टन तर पुसून परत बसवावेत इतके चांगले होते. इंजिन दीड लिटरचे, मुळात टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, नसलेले. त्यावर बसवलेल्या टर्बोचा दाब जेमतेम ६ पीएसआय. दाब सोसला नाही म्हणून पिस्टन तुटला, असे गाळ्यातल्या सगळ्यांचे मत पडले. मात्र महिनाभर त्याच दाबावर गाडी सकाळच्या वेळी उत्तम चालली होती, त्यामुळे हे कारण मला पुरेसे वाटले नाही.

कारण नंतर लॅपटॉपवरच्या नोंदींत सापडले. त्या शुक्रवारी संध्याकाळी माजिवड्याहून कासारवडवलीपर्यंत गाडी घोडबंदर रोडवर तासाभराहून अधिक काळ रांगत होती. समोरून वारा नसल्यामुळे इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा गार करणारी जाळी) थंड होण्याऐवजी रेडिएटरच्या उष्णतेने तापत गेला आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान ४१ अंशांवरून ६८ अंशांवर पोहोचले. पुढे गायमुखचा घाट लागला. मी गिअर न बदलता तिसऱ्यातच, दोन हजार आरपीएमवर, पेडल पूर्ण दाबले. काचेच्या बरणीत खडे हलवावेत तसा आवाज चार-पाच सेकंद आला आणि मी तो टॅपेटचा समजलो. ट्यूनिंग ज्यांनी केले होते त्यांनी ते पहाटेच्या गारव्यात, मोठा पंखा समोर ठेवून केले होते, आणि हवा तापल्यावर इग्निशन मागे घेण्याची, म्हणजे स्पार्क उशिरा पाडण्याची, सोय नकाशात (इंजिनाच्या संगणकातल्या आकड्यांच्या तक्त्यात) ठेवलीच नव्हती. नकाशा तपासून न घेता गाडी बाहेर काढण्याची चूक माझी.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. टर्बो कोणता घ्यायचा हा प्रश्न साधारणपणे पहिला विचारला जातो. इथे तो बराच नंतर येतो. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये असलेली जागा तो वर आल्यावर कितव्या हिश्श्यात दाबली जाते ते प्रमाण) मुळातच दहाच्या वर आहे, त्याच्याकडे उष्णता सोसण्यासाठी शिल्लक फार थोडी असते, आणि ती कुठे खर्च होते हे आधी समजले तर उरलेले सगळे निर्णय सोपे होतात.

कायद्याबद्दल सुरुवातीलाच

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. गाडी एमएच-०४ असो वा एमएच-४३, नियम एकच आहे. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे दावा नाकारला जाण्याचा धोका वेगळाच. माझी गाडी त्या काळी रस्त्यावर होती आणि ती तशी असायला नको होती. आज ती ट्रेलरवरून ट्रॅकवर जाते. पुढचे सर्व विवेचन अशाच, ट्रॅकसाठी राखलेल्या गाडीला धरून केले आहे.

नॉकिंग म्हणजे नेमके काय

स्पार्क पडल्यावर ज्वाला प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे सरकत जाते. तिच्या पुढे असलेले, अजून न जळलेले मिश्रण दाबले जाते आणि तापते. ज्वाला तिथे पोहोचण्याआधीच ते आपणहून पेटले, तर कोपऱ्यातले सगळे मिश्रण एकदम जळते आणि त्या धक्क्याने सिलिंडरमधला वायू घंटेसारखा कंप पावू लागतो. ७३ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये हा कंप साधारण ८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. नॉक सेन्सर नेमका तोच पट्टा ऐकतो. रिंग लँड तुटते ती या धक्क्यांनी.

मिश्रण आपणहून पेटेल की नाही हे प्रामुख्याने दोन गोष्टी ठरवतात: ते किती तापले आहे आणि तापलेल्या अवस्थेत त्याला किती वेळ मिळतो. कमी आरपीएमवर जास्त भार टाकणे घातक ठरते ते दुसऱ्या कारणाने. गायमुखच्या चढावर मी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या होत्या.

आता उष्णतेचा हिशोब मांडू. हवा ३५ अंशांवर आत घेतली आणि ५ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.३४ बार इतका दाब दिला. टर्बोमधल्या, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवा जवळपास ३८ अंशांनी तापून ७३ अंशांवर जाते. १० पीएसआय दिले तर वाढ ७० अंशांची होते आणि हवा १०५ अंशांवर पोहोचते. पुढे सिलिंडरमध्ये पिस्टन ती हवा पुन्हा दाबतो. कॉम्प्रेशन १०.३ असेल तर केल्विनमध्ये मोजलेले तापमान या टप्प्यात ढोबळमानाने दुपटीहून थोडे अधिक होते. म्हणजे आत येताना वाढलेला प्रत्येक अंश स्पार्क पडायच्या वेळी दोन अंशांहून जास्त होऊन बसतो. हे एक वाक्य मला आधी कोणी समजावले असते, तर तो पिस्टन आजही इंजिनात असता.

पहिली पायरी: इंजिन या कामाच्या योग्यतेचे आहे का

टर्बो जुन्या दोषांना मोठे करतो. त्यामुळे काहीही विकत घेण्यापूर्वी इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून चारही सिलिंडरमध्ये तयार होणारा कॉम्प्रेशनचा दाब गेजने मोजावा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर पुढे जाऊ नये. त्यानंतर लीक-डाउन चाचणी करावी. सिलिंडरमध्ये हवा सोडून ती कुठून गळते ते ऐकायचे: एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गळती दहा टक्क्यांच्या आत असलेली बरी. पिस्टनवर आणि व्हॉल्व्हच्या मागे साचलेला कार्बनही बोअरस्कोपने पाहून घ्यावा, कारण तो कॉम्प्रेशन वाढवतो, शिवाय त्याचे तापलेले टोक मिश्रण पेटवू शकते.

दुसरी पायरी: किती हवे ते आधी ठरवावे

उदाहरणासाठी होंडा सिटीचे दीड लिटरचे आय-व्हीटेक इंजिन घेऊ, कारण ते आपल्याकडे सहज मिळते आणि त्याचे भागही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८९.४ मिलिमीटर, एकूण १,४९७ सीसी, कॉम्प्रेशन १०.३ धरू, मूळ शक्ती ११९ पीएस आणि टॉर्क १४५ न्यूटन-मीटर. ५ पीएसआय दाब आणि ७० टक्के उष्णता काढून घेणारा इंटरकूलर असेल, तर हवा ७३ वरून सुमारे ४६ अंशांवर उतरते आणि सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचे वजन २८ ते ३० टक्क्यांनी वाढते. इग्निशन मागे घेतल्याचे थोडे नुकसान वजा जाता १४५ ते १५० पीएस हाती येतात. मूळ पिस्टन, मूळ कनेक्टिंग रॉड आणि मूळ गिअरबॉक्स ठेवून मी एवढ्यावर थांबेन. क्लच मात्र या टॉर्कवर घसरू लागण्याची शक्यता धरून खर्चात त्याची तरतूद करावी.

कॉम्प्रेशन उतरवावे का

हा या विषयातला सर्वांत वादाचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

आपल्या उदाहरणातल्या एका सिलिंडरचे आकारमान ३७४ सीसी. कॉम्प्रेशन १०.३ असताना पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ४०.२ सीसी असते. ते ९ वर आणायचे तर ४६.८ सीसी जागा लागेल, म्हणजे साडेसहा सीसी जास्त. बाजारात सुचवला जाणारा सोपा उपाय म्हणजे जाड हेड गॅस्केट. या बोअरला गॅस्केटची जाडी एक मिलिमीटरने वाढवली की जागा जवळपास ४.२ सीसीने वाढते. साडेसहा सीसीसाठी दीड मिलिमीटरहून थोडी जास्त वाढ लागेल. कागदावर हे जमते, इंजिनात मात्र उलटे घडते. पिस्टनची सपाट कड वर येताना हेडच्या सपाट भागापासून मिलिमीटरभर अंतरावर येते आणि तिथले मिश्रण जोराने मध्यभागी ढकलते. या ढकलण्याने, ज्याला स्क्विश म्हणतात, ज्वाला वेगाने पसरते आणि कोपऱ्यात पेट घेऊ शकेल असे मिश्रण उरतच नाही. अंतर अडीच मिलिमीटर झाले की हा फायदा संपतो. कॉम्प्रेशन उतरवूनही नॉकिंग तेवढेच राहिलेली इंजिने मी पाहिली आहेत. जाड गॅस्केट लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेशन खरोखरच उतरवायचे असेल तर मधोमध वाटीसारखा खोलगट माथा असलेले फोर्ज्ड (धातू ठोकून घडवलेले) पिस्टन घ्यावेत, म्हणजे कडेचे अंतर कायम राहते आणि जागा मध्ये वाढते. अशा पिस्टनसाठी वापरले जाणारे २६१८ हे मिश्रधातू तापल्यावर जास्त फुगते, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीपासून जास्त अंतर ठेवावे लागते आणि थंड इंजिन थोडे खडखडते. ४०३२ कमी फुगते, पण नॉकिंगचा धक्का कमी सोसते. बोअरिंग आणि होनिंग करणाऱ्याच्या हाती पिस्टन आणि त्यांच्यासोबत आलेला मापांचा कागद द्यावा, अंदाजावर काम सोपवू नये. रिंगच्या दोन टोकांमधली फटही वाढवावी लागते, कारण तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना टेकली तर रिंग लँड उचकटते. ७३ मिलिमीटर बोअर आणि मध्यम दाबासाठी वरच्या रिंगची फट ०.३५ ते ०.३७ मिलिमीटरच्या घरात येते. अंतिम आकडा पिस्टन बनवणाऱ्याचाच मानावा.

माझी सीमारेषा अशी: कॉम्प्रेशन साडेदहापर्यंत असेल आणि ५ पीएसआयवर समाधान असेल तर इंजिन न खोलता काम करता येते. ७-८ पीएसआय किंवा जास्त हवे असेल तर पिस्टन बदलून ९ च्या आसपास यावे. कॉम्प्रेशन १२ किंवा त्याहून वर असलेल्या आधुनिक इंजिनांच्या मागे मूळ पिस्टन ठेवून लागूच नये. माझदाने स्वतःच्या अडीच लिटर स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिनाला टर्बो दिला तेव्हा कॉम्प्रेशन १३ वरून १०.५ वर आणले, आणि तेही थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारून हवा गार करणारी यंत्रणा हाताशी असताना.

हा प्रश्न नवा नाही. ओल्ड्समोबिल या अमेरिकी कंपनीने १९६२ मध्ये जेटफायर ही टर्बो गाडी काढली. साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ ठेवले आणि सुमारे ५ पीएसआय दाब दिला. नॉकिंग रोखण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि मेथनॉलचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. टाकी रिकामी झाली की दाब आपोआप कमी होई, पण मालक ती भरायलाच विसरत आणि गाडी मंद झाली म्हणून तक्रार करीत. साब या स्वीडिश कंपनीने ९९ टर्बो या गाडीत उलटा मार्ग धरून कॉम्प्रेशन ७.२ पर्यंत खाली आणले. पुढे १९८२ च्या सुमारास नॉक सेन्सर ऐकून दाब कमी-जास्त करणारी एपीसी यंत्रणा तिने आणली, तेव्हाच कॉम्प्रेशन ८.५ वर नेता आले.

टर्बो की सुपरचार्जर

हाय-कॉम्प्रेशन इंजिनाच्या बाबतीत निवड दाब कुठल्या आरपीएमवर येतो यावरून करावी. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. त्यातला रूट्स प्रकारचा सुपरचार्जर पंधराशे आरपीएमपासून पूर्ण दाब देतो, म्हणजे नॉकिंगला सर्वांत अनुकूल जागीच, शिवाय तो हवा जास्त तापवतो. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा दाब आरपीएमबरोबर वाढतो; खाली तो जवळपास नसतोच, त्यामुळे अशा इंजिनाला तो सर्वांत सौम्य ठरतो. टर्बो या दोन्हींच्या मध्ये बसतो. दाब लवकर यावा म्हणून फार लहान टर्बाइन घेतले, तर एक्झॉस्टमध्ये दाब साचतो, जळालेला गरम वायू सिलिंडरमध्येच मागे राहतो आणि पुढच्या मिश्रणाला आधीच तापवतो. दाब तीन हजारांच्या आसपास पूर्ण येईल असा टर्बो मला योग्य वाटतो.

वेस्टगेटची, म्हणजे ठरलेल्या दाबानंतर एक्झॉस्टचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंग ही इथली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. बूस्ट कंट्रोलर स्प्रिंगपेक्षा जास्त दाब देऊ शकतो, कमी कधीच देऊ शकत नाही. १० पीएसआयची स्प्रिंग आलेली असेल तर ५ वर चालवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून ५ पीएसआयची स्प्रिंग मागून घ्यावी आणि ती बसवण्याआधी हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा व गेज लावून कितीवर उघडते ते स्वतः पाहावे.

थंड हवा, ऑइल आणि श्वास

इंटरकूलर रेडिएटरपुढे बसवावा, पण त्याला न चिकटवता. दोहोंच्या कडेने पत्र्याचे किंवा फोमचे आवरण द्यावे, म्हणजे समोरून आलेली हवा बाजूने पळून न जाता दोन्हींमधूनच जाईल. गाडी उभी असतानाही इंटरकूलरमधून हवा ओढली जावी एवढा सक्षम पंखा हवा. ट्रॅकवरही घोडबंदरसारखीच वेळ येते: पिट लेनमध्ये दहा मिनिटे उभी राहिलेली गाडी पहिल्याच वळणानंतर पूर्ण भार घेते. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर, थ्रॉटलजवळ असावा. मूळ सेन्सर फिल्टरच्या डब्यात असेल तर तो टर्बोच्या आधीची हवा मोजतो आणि उष्णतेबद्दल काहीच सांगत नाही.

टर्बोला ऑइल पोहोचवणारी नळी लहान असली तरी परतीची नळी जाड, सतत उतार असलेली आणि सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. ऑइल टर्बोमध्ये साचले की सीलमधून गळून इंटेकमध्ये जाते, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल ऑक्टेन, म्हणजे इंधनाची नॉकिंग टाळण्याची क्षमता, खाली आणते. याच कारणासाठी पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू इंटेककडे नेणाऱ्या, वाटेवर एकाच दिशेने उघडणारा चांगला व्हॉल्व्ह आणि त्या वायूतले ऑइल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवावा. पिस्टनच्या कडेने झिरपणारा वायू दाबाखाली वाढतो. त्याला बाहेर पडायला मोकळी वाट नसेल तर तो ऑइल सील बाहेर ढकलतो.

स्पार्क प्लग एक दर्जा थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्यावेत आणि फट ०.६५ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी, नाहीतर दाबाखाली स्पार्क विझतो. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशमध्ये नेमके उलटे. बदली प्लग घेताना या फरकाने पुष्कळ घोटाळे होतात.

इंधन

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. हे दोन बाजूंनी पाहावे लागते. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते आणि त्याचे ऑक्टेन उंच असते, त्यामुळे नॉकिंगच्या बाबतीत ते आपल्या बाजूचे आहे. पण पूर्ण जळण्यासाठी शुद्ध पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, तर ई-२० ला सुमारे १३.५ पट, म्हणून जुन्या एएफआर (हवा आणि इंधन यांचे प्रमाण) आकड्यांवर विसंबून राहू नये, सगळे लॅम्डात मोजावे. लॅम्डा १ म्हणजे कुठल्याही इंधनासाठी अचूक मिश्रण.

इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी-१०० आणले आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोल तेव्हापासून मिळते, परंतु ते प्रत्येक पंपावर नसते. ज्या इंधनाची खात्रीने सोय होईल त्यातल्या सर्वांत कमी ऑक्टेनवर, म्हणजे ९५ वर, ट्यूनिंग करावे. १०० ऑक्टेन भरल्यास ती जास्तीची सुरक्षितता मानावी, त्याच्या भरवशावर इग्निशन पुढे नेऊ नये.

इंजेक्टरचा हिशोब सोपा आहे. १५० पीएससाठी, टर्बो इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम इंधन घेते असे धरले, तर एकूण ४०.५ किलो, म्हणजे दर इंजेक्टरमागे १०.१ किलो होते. त्याचे मिनिटाला २२६ सीसी होतात, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून २८३ सीसी क्षमता लागते. मी ३२० ते ३५० सीसीचे घेईन. आणखी एक बाब: परतीची नळी नसलेल्या यंत्रणेत इंधनाचा दाब टाकीतच ठरतो आणि मॅनिफोल्डमधल्या दाबाची त्याला खबर नसते. ५ पीएसआय दाब आला की इंजेक्टरवरचा प्रत्यक्ष दाब तेवढ्याने घटतो, आणि इंधन नेमके जास्त हवे असते तेव्हाच कमी पडते.

नकाशा आणि ट्यूनिंग

मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, टर्बोची कल्पनाच नसते. त्याचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच नीट वाचतो. २.५ किंवा ३ बारचा सेन्सर, त्याला समजणारा स्वतंत्र ईसीयू, वाइडबँड (मोठ्या पट्ट्यात अचूक मोजणारा) लॅम्डा सेन्सर आणि नॉक ऐकण्याची सोय, या चार गोष्टींवर काटकसर करू नये. पैसे कमी पडत असतील तर टर्बो साधा घ्यावा.

काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, करावे आणि ते या क्रमाने. प्रथम दाब येण्याच्या आधीचा भाग, आयडलपासून हलक्या भारापर्यंत, लॅम्डा १ वर नीट बसवावा. मग दाबाखालच्या भागात मिश्रण लॅम्डा ०.८० ते ०.८२ इतके समृद्ध, म्हणजे इंधन जास्त असलेले, ठेवावे आणि इग्निशन मूळ नकाशापेक्षा दर पीएसआयमागे एक ते दीड अंश (हे क्रँकच्या फिरण्याचे अंश) मागे घेऊन सुरुवात करावी; ५ पीएसआयसाठी ते पाच ते साडेसात अंश होतात. पहिली धाव साडेतीन हजारांपर्यंत घेऊन थांबावे, नोंदी वाचाव्यात आणि मगच पुढच्या हजाराकडे जावे. नॉक नसेल तर अर्ध्या-अर्ध्या अंशाने इग्निशन पुढे न्यावे, आणि टॉर्क वाढणे थांबले की तिथून दोन अंश मागे येऊन थांबावे. जास्त मागे घेतलेले इग्निशनही निर्धोक नसते: मिश्रण उशिरा जळते, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि टर्बाइन तापते. एक्झॉस्टचे तापमान ९०० अंशांच्या वर रेंगाळू लागले तर दाब कमी करणे हाच उपाय.

यानंतरची पायरी माझ्या बाबतीत वगळली गेली होती. पंखा बंद करून गाडी वीस मिनिटे डायनोवरच आयडलला उभी ठेवावी, हवा ६० अंशांच्या वर जाऊ द्यावी आणि तशाच अवस्थेत अर्ध्या भाराची छोटी धाव घ्यावी. माझ्या आताच्या नकाशात ४५ अंशांच्या वर दर ५ अंशांमागे एक अंश इग्निशन मागे जाते आणि ६५ अंशांवर थ्रॉटल इतके आवळले जाते की दाब तयारच होत नाही. दोन हजार आरपीएमवर पूर्ण पेडल दाबले तरी दाब दोन पीएसआयच्या वर जात नाही. गाडी तेवढ्यापुरती जड वाटते, पण ते मला चालते. याखेरीज तीन मर्यादा ईसीयूमध्ये घालाव्यात: दाब ७ पीएसआय झाला की इंधन बंद, दाबाखाली लॅम्डा ०.८८ च्या वर गेला की इंधन बंद, आणि ऑइलचा दाब पडला की इंजिन बंद.

डिस्टिल्ड वॉटर फवारण्याची यंत्रणा उपयुक्त आहे, पण जेटफायरच्या मालकांचा अनुभव लक्षात घेऊन नकाशा पाण्याशिवाय सुरक्षित राहील असाच ठेवावा आणि पाणी संपल्याचा सिग्नल ईसीयूपर्यंत न्यावा.

पावसाळा आणि नंतरची तपासणी

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहते, आणि ई-२० आपल्या दमट हवेतून पाणी ओढते. पाणी पुरेसे झाले की इथेनॉल त्याच्यासह तळाशी वेगळे बसते आणि वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. ऑक्टोबरमध्ये तीच टाकी घेऊन पूर्ण दाबावर जाणे धोक्याचे; पावसाळ्याआधी टाकी उपसून ठेवावी आणि हंगामाच्या सुरुवातीला ताजे इंधन भरावे.

नव्या जोडणीनंतर पहिल्या दोनशे किलोमीटरला ऑइल बदलावे आणि फिल्टर कापून उघडून पाहावा. कागदाच्या घड्यांत चमकणारा कण दिसला तर गाडी पुढे नेऊ नये. नंतर प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर, इंजिन निवले की चारही प्लग काढून क्रमाने मांडावेत. प्लगचे पांढरे पोर्सिलीन मी उजेडात धरून दहापट भिंगाखाली पाहतो. फिकट बदामी रंग असेल तर ठीक. पोर्सिलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके, किंवा टाचणीच्या टोकाहूनही लहान चंदेरी गोळे दिसले, तर ते गोळे पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम असते. अशा वेळी तो प्लग ज्या सिलिंडरचा आहे त्याचा क्रमांक लिहून ठेवावा, त्या सिलिंडरची लीक-डाउन चाचणी पुन्हा करावी आणि नकाशातले इग्निशन दोन अंश मागे घेऊनच इंजिन पुन्हा सुरू करावे.